आजी आनंदाने हात हलवत राहिली

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. (लांबूनच. वाकून करायचा तर माझे गुडघे हल्ली वरून लेखी मंजुरी मागतात.) तुझी सर्दी गेली का? गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. मागच्या खेपेला इथून निघताना तुझा मफलर हरवला तो हरवला, आता त्या टॅक्सीवाल्याला शिव्या देत बसू नकोस, दुसरा घे. वहिनींच्या पाठीचं काय? तो पट्टा त्या लावतात का, की आणून नुसता कपाटात ठेवलाय? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आई मजेत आहे, मी मजेत आहे, घरातले बाकीचेही मजेत आहेत. आपल्या घरात हा शब्द मिठासारखा वापरतात, चव बघायच्या आधीच घालून मोकळे. तेव्हा तुम्हीही मजेतच असाल असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते.

पण त्याआधी एक अडचण आहे. हे पत्र दादाला लिहायचं की साहेबांना, हेच माझं ठरत नाहीये. दादाला लिहावं तर ज्या कागदामुळे ही वेळ आली त्याच्या खाली साहेबांची सही आहे. साहेबांना लिहावं तर ते मोठ्या बाईंमार्फत, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेमार्फत पाठवावं लागेल, आणि त्यांच्याबद्दल मला जे लिहायचंय ते त्यांच्याच हातून पाठवणं बरं दिसत नाही. तेव्हा असं कर, जिथे ‘आपण’ येईल तिथे साहेबांनी वाचावं आणि जिथे ‘तू’ येईल तिथे तू वाच. दोघांची कुठे गाठ पडलीच तर एकमेकांना विचारून घ्या.

तर साहेब, आपल्या सहीचा आदेश मिळाला. येत्या एक तारखेपासून माझा दुसरीचा वर्ग माझ्याकडून काढून घेण्यात आला आहे आणि मी साहित्य भांडारात हजर व्हायचं आहे. (भांडार म्हणजे गावाबाहेरची ती पत्र्याची लांबलचक खोली, जिथे कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फाटके नकाशे आणि नकोसे झालेले शिक्षक ठेवतात.) कारण दिलंय, ‘चित्रपुस्तकांच्या गैरवापरामुळे विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेवर झालेला विपरीत परिणाम’. चित्रपुस्तकांचा गैरवापर! लोक अधिकाराचा गैरवापर करतात, सरकारी गाडीचा करतात. चित्रपुस्तकांचा गैरवापर करून धरली गेलेली मी आपल्या खात्यातली पहिलीच असेन. आता दादा, तू सही केलीस तेव्हा वर कुणाचं नाव आहे ते वाचलं नसणार, हे मी समजू शकते. वाचलं असतंस तरी सासरचं आडनाव, चटकन लक्षात आलं नसतं. (माझ्या लग्नात आहेर मोजून घ्यायला तूच बसला होतास, पण ते जाऊ दे.) कारकून पेन्सिलीने फुली मारून देतो आणि तू फुलीवर सही करतोस, असं वहिनीच एकदा कौतुकाने सांगत होत्या. कामाचा केवढा उरक, म्हणाल्या.

पण गंमत अशी की ह्या सगळ्याची सुरुवात तुझ्याच परिपत्रकाने झाली. ते आमच्या शाळेत आलं तेव्हा प्रथेप्रमाणे सगळ्यांनी त्यावर ‘वाचले’ अशी सही केली आणि मी एकटीने ते खरंच वाचलं. अख्ख्या खात्यात ते वाचणारी मी एकटीच असावी, म्हणून तर एकटीच अडकले. त्यात लिहिलं होतं की लहान मुलांना गोष्ट शिकवताना आधी चित्र बघू द्यावं, शब्द मागाहून. वाटल्यास शब्दांवर कागदाची पट्टी ठेवावी. चित्रात काय दिसतं ते मुलांना आपल्या भाषेत सांगू द्यावं आणि शिक्षकांनी घाई करू नये. खोटं कशाला सांगू, शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. मला आपला तो बिस्किटांचा डबा आठवला. त्याच्यावर एक बाई टोपी धरून पळत असायची आणि मागे कुत्रं. तू डब्यावरचं नाव अंगठ्याने झाकायचास आणि मला म्हणायचास, सांग, आज ही का पळतेय? रोज ती वेगळ्या कारणाने पळायची. बिस्किटं कधीच संपलेली असायची, डबा रिकामाच, पण आपलं जेवण त्या बाईच्या पळण्यावर पार पडायचं. मी मनात म्हटलं, बघा, एवढा मोठा साहेब झाला तरी माझा दादा तो अंगठा विसरला नाही. (हे वाक्य आता मी परत घेते आहे. साहेबांच्या दफ्तरी तशी नोंद व्हावी.)

मग आमचं प्रशिक्षण झालं. एका मोठ्या सभागृहात आम्हाला दिवसभर चित्रपुस्तकांचं महत्त्व सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ पडद्यावर एकामागून एक पानं दाखवत होते आणि प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत नुसत्या मजकुराने भरलेलं. चित्र एक नाही. पुस्तकही एक नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी भीत भीत विचारलं की एखादं पुस्तक बघायला मिळेल का, तर ते म्हणाले, पुस्तकांचं प्रशिक्षण पुढच्या टप्प्यात आहे. जेवणानंतर त्यांनी आम्हाला डोळे मिटून मनात एक चित्र उभं करायला सांगितलं. अर्ध्या शिक्षकांनी इतकं मन लावून उभं केलं की चहा आला तेव्हा त्यांना हलवून उठवावं लागलं.

शेवटी एकदाची पुस्तकं आली. काय सुंदर पुस्तकं रे दादा! निवड कुणाची होती? ज्याने कुणी केली त्याला अजून बढती मिळालेली नसावी. मोठी मोठी पानं, पानभर चित्र आणि खाली एखादी ओळ. पण मोठ्या बाईंनी खोकं उघडलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी काचेचं झुंबर आणून पोरांच्या हातात दिलंय. फाटली तर? हरवली तर? कोण भरून देणार? तेव्हा आधी शिक्के. आमचे कारकून शिस्तीचे माणूस, शिक्का मोकळ्या जागेत मारायचा एवढं त्यांना पक्कं ठाऊक. आता चित्रपुस्तकात मोकळी जागा म्हणजे काय, आकाशच की! त्यांनी प्रत्येक आकाशात एकेक गोल जांभळा शिक्का हाणला. पुढे मी एक पुस्तक वर्गात उघडलं तेव्हा पोरांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की चंद्रावर आपल्या शाळेचं नाव कसं? दुसऱ्या पानावर सूर्य होता, त्याच्या शेजारीही शाळा होती. त्यावर वर्गात बराच खल झाला आणि असं ठरलं की चंद्र शाळेचा आहे म्हणून तो घरी न्यायचा नाही. घरी गच्चीवरून दिसतो तो दुसरा.

शिक्क्यांनंतर कव्हरं. सगळ्या पुस्तकांना खाकी कागद. वाघाचं पुस्तक, जहाजाचं पुस्तक, हत्तीच्या वाढदिवसाचं पुस्तक, सगळी एका रंगाची, एका गणवेशातली. पुस्तकं मुलांना सतत दिसायला हवीत असं आपल्या परिपत्रकात होतं, म्हणून मोठ्या बाईंनी मुद्दाम काचेचं कपाट घेतलं, ते वऱ्हांड्यात ठेवलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पोरं मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून खाकी कागद बघायची. मोठ्या बाई पाहुण्यांना कपाट दाखवून सांगायच्या, मुलांना वाचनाची फार गोडी लागली आहे.

मी म्हटलं, पण बाई, शिकवायचं कसं? तर त्या म्हणाल्या, झेरॉक्स काढा. काढल्या. काळ्यापांढऱ्या. गोष्ट अशी होती की पावसात बसथांब्यावर खूप माणसं उभी आहेत, सगळ्यांच्या छत्र्या रंगीबेरंगी, त्यातली हिरवी छत्री आत्याची, आणि भाच्याने ती शोधायची. झेरॉक्समध्ये सगळ्या छत्र्या काळ्या. एखाद्या मयताला जमल्यासारखी ती माणसं बसची वाट बघत उभी. खाली छापील प्रश्न, हिरवी छत्री कुठे आहे? पोरांनी डोळे फाडफाडून शोधलं. शेवटी आमच्या वर्गातली वकील उभी राहिली. (ही एक चिमुरडी आहे, दोन वेण्या आणि एक जीभ. तिला मी वकीलच म्हणते, तिच्या आईलाही ते मान्य आहे.) ती म्हणाली, बाई, हिरवी छत्री झेरॉक्सच्या दुकानात राहिली. मी त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या फाइलीत हा पहिला ठपका आहे, बघून घ्यावा.

त्या दिवशी माझं डोकं सणकलं. मी सरळ मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, कपाटात वाळवी दिसली. (वाळवी नव्हती. पण ती पुस्तकं अशी कोंडून ठेवली तर आज ना उद्या येईलच, तेव्हा फार खोटं नाही.) किल्ली ताबडतोब बाहेर आली. पुस्तकं झटकायच्या निमित्ताने मी एक पुस्तक पदराखाली घातलं, वर्गात आणलं, दार लोटलं आणि त्याचं खाकी कव्हर काढलं. काय आवाज झाला वर्गात म्हणून सांगू! खाऊचा पुडा उघडला तरी एवढा होत नाही. मग सगळी चटईवर माझ्याभोवती गोळा झाली आणि मी तुझ्या परिपत्रकाप्रमाणे शब्दांवर पट्टी ठेवली.

गोष्ट साधी. सुट्टीत नातवंडं आजीकडे येतात, राहतात आणि शेवटी बसने परत जातात. शेवटून दुसऱ्या पानावर बस निघालीये, मुलं खिडकीतून हात करतायत, आजी फाटकात उभी. खाली ओळ आहे, ‘आजी आनंदाने हात हलवत राहिली.’ पण ती ओळ पट्टीखाली होती, त्यामुळे मुलांनी आधी चित्र पाहिलं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं की बसच्या खिडकीत पाय बाहेर सोडून बसलेल्या धाकट्याच्या एका पायात पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे आणि दुसरा पाय उघडा. मग सगळे मोजा शोधायला लागले आणि तो सापडला आजीच्या हातात. वर केलेल्या हातात नाही, दुसऱ्या, पाठीमागे लपवलेल्या. मूठ घट्ट. झालं! एक म्हणाला, विसरला असेल. वकील म्हणाली, विसरला असता तर आजीने ओरडून बस थांबवली असती, तिने मुद्दाम ठेवून घेतलाय. का? तर मोजा न्यायला त्यांना परत यावं लागेल. मी पट्टी काढली आणि ओळ वाचून दाखवली. मग कुणीतरी म्हणालं, बाई, पुस्तक खोटं बोलतंय. दुसरा म्हणाला, पुस्तक नाही, आजी. शेवटच्या पानावर तर शब्दच नाहीत. रिकामा रस्ता, उघडं फाटक आणि पायरीवर पाठमोरी बसलेली आजी. तिने तो मोजा हाताच्या बोटांवर चढवलाय, कठपुतळीसारखा.

आता ह्या वर्गात एक घुमी आहे. वर्ष निम्मं सरलं तरी तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. हजेरीला नुसता हात वर करायची. घरचे म्हणायचे, घरी बोलते. मागच्या वर्षीच्या बाईंनी शेरा मारला होता, मंद. त्या दिवशी ती उठली, पुस्तकाजवळ आली, पाठमोऱ्या आजीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि परत जागेवर जाऊन बसली. बोलली नाही. पण दादा, तीस पोरांच्या देखत जी पोर आपली जागा सोडून कधी उठत नव्हती ती उठली. मला त्या दिवशी घरी जाताना रस्ता कळला नाही.

ते पुस्तक मी घरी नेलं होतं. (हो, चंद्रासकट नेलं. तीही नोंद करावी.) आईने भिंग घेऊन पानन् पान बघितलं. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात देत म्हणाली, बाई हुशार आहे. मला वाटलं चित्रं काढणारीबद्दल म्हणतेय. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकाला लागले.

आणि मग तपासणी. तपासनीस आले ते हातात छापील प्रश्नोत्तरांचा कागद घेऊनच. प्रश्न आपले, उत्तरंही आपली, मुलांनी फक्त मधे जागा भरायची. मोठ्या बाईंनी सकाळपासून वऱ्हांडा दोनदा धुवून घेतला होता, त्यामुळे तपासनीस वर्गात शिरले ते घसरतच. पोरं हसली. तिथेच आमचं बिनसलं असावं. त्यांनी नेमकं तेच पुस्तक मागवलं. खाकी कव्हर घालून ते परत कपाटात गेलं होतं, बाहेरून काही कळायला मार्ग नाही, पण माझं नशीब त्याच्यापर्यंत बरोबर पोचलं. पुस्तक उघडून त्यांनी बसचं पान काढलं, मुलांसमोर धरलं आणि दादा, नीट वाच, चित्रावर आपला पंजा ठेवला. म्हणे, नाहीतर मुलं चित्र बघून उत्तर देतात! मी तुझ्या सांगण्यावरून शब्द झाकत होते आणि तुझाच माणूस तुझ्याच पुस्तकातलं चित्र झाकत होता. तू तिथे अंगठा घेऊन असतास तर त्या पानावर काहीच उरलं नसतं.

ओळ एका मुलाने खणखणीत वाचली. तपासनिसांनी विचारलं, आजी कशी होती? कागदावर उत्तर होतं, आनंदी. वर्गात एक बोट वर होईना. वकीलसुद्धा गप्प, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, ती माझ्याकडे बघत होती. माझी एक भुवई खाली आली असती तरी त्या पोरांनी मला हवं ते उत्तर देऊन टाकलं असतं. मी भिंतीकडे बघितलं. आणि मग मागून आवाज आला, मी कधीच न ऐकलेला, थोडा घोगरा. घुमी उभी होती. म्हणाली, “रडली. पण बस वळल्यावर.”

अरे, मला वाटलं आता शाळेची घंटा कुणीतरी वाजवत सुटावी, त्या पोरीच्या आईला कामावरून बोलावून आणावं. तपासनीस म्हणाले, असं कुठे लिहिलंय? ती म्हणाली, लिहिलेलं नाही, दिसतंय. ते म्हणाले, कसं दिसेल, मी झाकलंय. त्यावर वकिलाला राहवेना, ती म्हणाली, मग हात काढा ना काका. काका! मोठ्या बाईंनी डोळे मिटले. तपासनिसांनी हात काही काढला नाही, दुसऱ्या हाताने शेरा लिहिला, आणि घुमीला खाली बसायला सांगताना म्हणाले, बाळ, आधी नीट वाचायला शिक. ती बसली. त्यानंतर ती शाळेत रोज येते, हजेरीला हात वर करते आणि मान खाली घालते. पुन्हा एक शब्द बोललेली नाही.

मला कशाचा संताप आहे म्हणशील तर त्याचा आहे. माझ्या भांडाराचा नाही. मी तिथे उत्तरपत्रिका मोजीन, नकाशांना डिंक लावीन, मला काय! पण एक तारखेला तिच्या वर्गात नव्या बाई येतील, त्यांच्या हातात आपली छापील उत्तरं असतील, आणि ती पोर आयुष्यभर असंच धरून चालेल की त्या दिवशी आपण तोंड उघडलं, चुकीचं बोललो आणि आपल्यामुळे आपल्या बाई गेल्या. वर्गात तसं बोललं जातंय. वकिलाने तिला मधल्या सुट्टीत सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं, अपील करू. घुमीने मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा साहेब, माझी आपणांस नम्र विनंती आहे की सदर आदेशाचा फेरविचार व्हावा. कारणं वर दिलेलीच आहेत. सोबत पुरावा काही जोडू शकत नाही, पुस्तक जप्त आहे.

कळावे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी
(साहेबांसाठी: आपली आज्ञाधारक, सहशिक्षिका, तूर्तास इयत्ता दुसरी)

ता. क. फेरविचाराची ओळ मी खोडणार होते, पण कागद पुन्हा लिहायचा कंटाळा आला. तू फेरविचार करू नकोस. बहीण म्हणून आदेश फिरवलास तर लोक म्हणतील वशिला, आणि घुमीला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा एक तारखेच्या आत एक सकाळ काढून ये. साहेब म्हणून जप्त केलेलं पुस्तक सोडव आणि चटईवर बस. (खुर्च्या लहान आहेत, तू मावणार नाहीस.) ते पान उघड आणि त्या पोरीला विचार, आजी कशी होती? विचार आणि थांब. घाई करायची नाही, तूच लिहिलं होतंस. तिने तुला सांगितलं तर मी आनंदाने भांडारात जाईन.

ता. क. दुसरा. येशीलच तर आईलाही भेट होईल, म्हणून एक गोष्ट लिहिते, तिला कळू देऊ नकोस. तुझा मफलर टॅक्सीत राहिलेला नाही. काल तिच्या उशीचा अभ्रा बदलायला गेले तर आत होता, नीट घडी घातलेला. मी पुन्हा होता तसा ठेवून दिला. दर रविवारी तुझा फोन यायच्या आधी ती केस विंचरते. फोनवर काय दिसतं रे? तरी विंचरते, ताठ बसते, आणि मग तुला जे सांगते ते तू ऐकतोसच. तू तेवढंच ऐकतोस. तू फोन ठेवल्यावर काय होतं ते बघायला मी एकटी असते. बाई हुशार आहे असं ती कुणाबद्दल म्हणाली ते मला काल कळलं.

ता. क. शेवटचा. आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, दादाला लिहितेस का? काय कळवू म्हटलं, तर म्हणाली, मी मजेत आहे म्हणून लिही, आणि उगाच त्याला यायला सांगू नकोस, त्याला कामं असतात. तेव्हा लिहिते. आई मजेत आहे. यायची काही गरज नाही.

मीही मजेत आहे.